गाडीच्या खिडकीत सुचलेलं चित्र घरी आल्यावर का मरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरी ठाण्यात, गाव सावंतवाडीकडे, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा कोकण रेल्वेनं जाणं-येणं. खिडकीशी बसलं की एकामागून एक चित्रं सुचतात, मोबाईलवर दीड-दोनशे फोटो निघतात, आणि घरी येऊन त्यांच्यावरून जलरंगात काढायला घेतलं की सगळं निर्जीव, कॅलेंडरसारखं होतं. फोटो कसे काढावेत आणि सोबत कोणतं सामान न्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

सामानाचं शेवटी सांगते, ते सोपं आहे. फोटोचं मात्र आधीच स्पष्ट सांगते: फोटो आणखी चांगले काढून ही अडचण सुटणार नाही. गाडीत बसल्यावर तुम्हाला चित्र सुचतं, कारण गाडीच्या वेगानं आणि तुमच्या डोळ्यांनी मिळून समोरच्या पसाऱ्यातून चार गोष्टी उचललेल्या असतात आणि बाकीचं सोडून दिलेलं असतं. म्हणजे चित्रकाराचं निम्मं काम तिथंच झालेलं असतं. फोटो ते सोडलेलं सगळं परत आणून ठेवतो. घरी तुम्ही दोनशे फोटो घेऊन बसता तेव्हा झालेली निवड पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत असता, आणि या वेळी मदतीला गाडी नसते.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. मी बदलापूरची. चित्रकला शिकायला रोज लोकलनं मुंबईला जायचे, आणि गेली तीसेक वर्षं चित्रं काढते, शिकवते. सुरुवातीच्या काळात एका प्रदर्शनासाठी पावसाळ्यातल्या बोरघाटावर आठ मोठी तैलचित्रं केली होती, सगळी गाडीतून काढलेल्या फोटोंवरून. डोंगर, धबधबे, धुकं, सगळं जागच्या जागी. एक ज्येष्ठ चित्रकार आले, प्रत्येक चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, ''तू गाडीत होतीस ना? मग गाडी कुठं आहे?'' त्यांना डबे-इंजिन अपेक्षित नव्हतं, हे मला कळलं. ती चित्रं डोंगराच्या कडेला खुर्ची टाकून बसलेल्या कुणाचीही असू शकली असती. ते वाक्य पुढं कित्येक वर्षं माझ्यासोबत प्रवास करत राहिलं.

मोबाईल काय करतो ते बघा. लख्ख उजेडात तो सेकंदाच्या बारीकशा भागात चित्र पकडतो, त्यामुळे रुळालगतचा विजेचा खांब आणि दोन मैलांवरचा डोंगर दोन्ही सारखेच स्पष्ट येतात. त्याचं नेहमीचं भिंग रुंद कोनाचं, म्हणून डोळ्यांना छातीवर आल्यासारखा वाटणारा सह्याद्री फोटोत वीतभर टेकडी होऊन बसतो. आणि बाहेरचा उजेड सांभाळायचा तर डब्याचा आतला भाग काळा ठिक्कर. तुम्ही बघत होतात तेव्हा खिडकीची चौकट, तिच्यावर टेकलेला कुणाचा तरी कोपर, बाहेरचं शेत हे सगळं एकत्र होतं. फोटोत त्यातलं एकच काहीतरी उरतं.

आता डोळे काय करतात ते. समोरच्या सीटवर बसून बाहेर बघणाऱ्या माणसाची बुबुळं कधी नीट पाहा. ती गाडीच्या उलट दिशेनं हळू सरकतात, मग झटक्यात पुढं येतात, परत हळू सरकतात, परत झटका. डोळा एक झाड पकडतो, ते निसटेपर्यंत त्याच्या मागे जातो, मग उडी मारून पुढचं काहीतरी पकडतो. या हालचालीला वैद्यकात 'रेल्वे निस्टॅग्मस' असं नावच पडलेलं आहे. म्हणून खिडकीतून आपल्याला सगळं फरपटत गेल्यासारखं दिसत नाही. एक घर, एक म्हैस, विहिरीवर वाकलेला एक माणूस, असं सुटं सुटं आणि अगदी स्पष्ट दिसतं, मधलं गळून जातं. नवखे चित्रकार वेग दाखवायचा म्हणून आडवे फटकारे मारतात. ती शटर हळू ठेवून काढलेल्या, फरपटलेल्या फोटोची नक्कल असते. डोळ्यांनी तसं पाहिलेलंच नसतं.

दुसरं एक करून बघा. मधल्या अंतरावरचं एक झाड नजरेत धरा आणि सोडू नका. त्याच्या अलीकडचं सगळं मागे पळतं आणि पलीकडचं सगळं गाडीबरोबर पुढे येतं. अख्खा प्रदेश त्या झाडाभोवती जात्यासारखा फिरतो. खेड-चिपळूणच्या पट्ट्यात शेतातल्या एकट्या आंब्यावर हे फार छान दिसतं. गाडीतून पाहिलेल्या निसर्गचित्राचा कणा हाच आहे असं मला वाटतं. एक गोष्ट स्थिर, नीट काढलेली. तिच्या अलीकडे थोडक्यात उरकलेलं काहीतरी. आणि मागे शांत, सोबत चालणारा डोंगर. फोटोत तिन्ही थर एकाच जोरानं बोलतात, आणि तुम्ही ते तसेच उतरवता.

ज्यांनी हे साधलं त्यांची चित्रं या नजरेनं पाहा. इंग्रज चित्रकार टर्नरचं १८४४चं पाऊस, वाफ आणि वेगाचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मेडनहेडजवळच्या टेम्सवरच्या पुलावरून गाडी आपल्याकडे येते आहे. त्यात घट्ट, काळं, ठाम असं फक्त इंजिनाचं तोंड आहे, बाकी सगळं पावसात विरघळलेलं. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरनं १९२५ साली रुळांकाठचं एक एकटं घर रंगवलं. त्यात गाडी नाहीच. पण रुळाचा भराव घराचा पायथा आडवा कापून टाकतो, आणि गाडीतून जाणाऱ्या माणसाला घर असंच दिसतं, पायांशिवाय. एरिक रॅव्हिलियस या इंग्रज चित्रकारानं १९४० मध्ये तिसऱ्या वर्गाचा रिकामा डबा रंगवला. खिडक्यांमधून बाहेर टेकडीवर कोरलेला पांढरा घोडा दिसतो. ते चित्र दोन वेगळ्या चित्रांचे भाग जोडून पूर्ण झालेलं आहे. तुम्हाला याचा उपयोग असा, की डबा एका प्रवासातला आणि बाहेरचं दृश्य दुसऱ्या प्रवासातलं घ्यायला काहीही हरकत नाही. आणि आपल्याकडे सुधीर पटवर्धन. ठाण्यात डॉक्टरकी करता करता त्यांनी लोकल, स्टेशनं, उपनगरातली माणसं रंगवली. तुम्ही ठाण्यातच आहात, तेव्हा त्यांची चित्रं जिथं प्रत्यक्ष बघायला मिळतील तिथं चुकवू नका.

तुमच्या बाबतीत नेमकं काय जमेल हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. एसीच्या डब्यातून जात असाल तर काच बंद आणि रंगछटा असलेली. बाहेरचे रंग बदलतात आणि संध्याकाळ झाली की बाहेरच्यापेक्षा आतलं प्रतिबिंबच जास्त दिसतं. तो दोष समजू नका. खिडकीत उमटलेला डबा आणि त्यातून आरपार जाणारी झाडी हा स्वतंत्र विषय आहे. स्लीपर किंवा सेकंड सिटिंगला वारा आहे, वास आहे, आणि खिडकीच्या आडव्या सळया आहेत. सळया चित्रातून वगळू नका. त्यांनी आयते पट्टे पाडून दिलेले असतात, आकाशाचा एक, डोंगराचा एक, शेताचा एक.

बाजूही महत्त्वाची. सकाळच्या गाडीनं दक्षिणेकडे जाताना डावीकडे पूर्व, म्हणजे सह्याद्री उन्हाच्या विरुद्ध दिसतो, निळसर आणि सपाट. आकार पकडायला शिकायचं तर ती बाजू घ्या. उजवीकडच्या शेतांवर समोरून ऊन पडतं. तिथं रंग जास्त, पण सावल्या कमी, आणि नवख्याचा हात रंगात वाहवतो. चालत्या गाडीत मान खाली घालून काढलं की मळमळत असेल, तर फक्त बघा आणि क्रॉसिंगला गाडी थांबली की काढा. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. समोरच्या गाडीला वाट द्यायला आपली गाडी एखाद्या लहानशा स्टेशनात दहा-पंधरा मिनिटं उभी राहते, लोक वैतागतात. चित्रकारासाठी ती पंधरा मिनिटं म्हणजे पर्वणी.

आता मुख्य सराव. विद्यार्थ्यांना मी याला 'बोगद्याचं चित्र' म्हणते. बोगदा येण्याआधी जे शेवटचं दिसलं, ते बोगद्यात काढायचं. बस, एवढंच. बोरघाटात कर्जतहून गाडी मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांच्या जोरावर चढायला लागली की छोटे छोटे बोगदे एकामागून एक येतात. उजेड, अंधार, उजेड, अंधार. दोन बोगद्यांमध्ये दरी दिसते ती काही क्षणच. तिथं बारीक तपशील घेणं शक्यच नसतं, फक्त मोठा आकार हाती लागतो. तिथं रेघ शिकायची. आठवण शिकायची ती तुमच्या वाटेवर, करबुड्याला. उक्षी गेलं की रत्नागिरीच्या अलीकडे हा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. गाडी आत शिरली की पाच-सहा मिनिटं बाहेर पाहण्यासारखं काही नसतं.

एका सप्टेंबरातलं उदाहरण सांगते. बोगद्याच्या थोडंसं आधी भाताच्या खाचरात एक बाई बांधावर उभी होती. डोक्यावर निळ्या प्लास्टिकची खोळ, हात कमरेवर, शेजारी एक बगळा. तीन सेकंद दिसली असेल. अंधार झाला, डब्यातल्या दिव्यात मी काढायला घेतलं. खोळेचा निळा त्रिकोण आठवला. तो आकाशात घुसलेला नव्हता, हिरव्यातच बुडालेला होता, हे आठवलं. बगळा तिच्या गुडघ्याच्या उंचीला होता आणि त्याची मान तिच्या हाताच्या कोनासारखीच वाकलेली होती, हेही आठवलं. तिच्या साडीचा रंग, चेहरा, मागे झाडं किती, यातलं काही आठवलं नाही. जे आठवलं नाही त्याची चित्राला गरज नव्हती. पुढे तेच चित्र मी तीनदा रंगवलं आणि एकदाही साडीवाचून अडलं नाही. तिचा फोटो माझ्याकडे असता तर मी नक्की साडीवरच्या फुलांत वेळ घालवला असता.

पहिल्या दोन-तीन प्रवासांत काहीच आठवणार नाही. कागदावर दोन रेघा आणि भला मोठा पांढरा भाग उरेल. त्या रेघांशेजारी शब्द लिहा: 'डोंगर भातापेक्षा फिका', 'घराचं कौल ओलं, जवळजवळ काळं', 'माणूस लहान, फार लहान'. मी अजूनही लिहिते. चौथ्या-पाचव्या प्रवासात डोळे आपोआप आठवण ठेवण्यासाठी बघायला लागतात, आणि तो बदल तुमचा तुम्हाला जाणवेल.

रंगाबद्दल एकच, पण महत्त्वाचं. कोकणातला हिरवा रंग सगळ्यांना फसवतो. ट्यूबमधला सॅप ग्रीन सरळ कागदावर लावला जातो आणि चित्र कॅलेंडरसारखं होतं. गाडीतून तो हिरवा इतका पेटलेला का दिसतो, याचा विचार करा. गाडी आधी जांभ्याच्या कटिंगमधून जाते. दोन्ही बाजूंना ओल्या, तांबड्या भिंती. तेवढा वेळ डोळ्यांत तांबडा साठतो, आणि कटिंग संपून शेत उघडलं की तांबड्यानं थकलेल्या डोळ्यांना हिरवा दुप्पट हिरवा दिसतो. म्हणजे तुम्हाला आवडलेला हिरवा नुसत्या शेतात नव्हता, आधीच्या तांबड्याशी त्याचं नातं होतं. म्हणून चित्रात कुठंतरी तो जांभा ठेवा, कडेला बोटभर पट्टी असली तरी चालेल. ओल्या जांभ्याला मी बर्न्ट सिएनात, म्हणजे तांबूस तपकिरीत, थोडा अ‍ॅलिझरिन हा गर्द लाल आणि किंचित अल्ट्रामरीन हा निळा घालते. मग शेजारचा हिरवा मुद्दाम मळका केला, त्यात तोच बर्न्ट सिएना थोडा मिसळला, तरी तो उजळच दिसतो. मे महिन्यात गेलात तर हे गणित बदलतं. तेव्हा कातळ काळा, गवत वाळून पांढुरकं, आणि रंगापेक्षा उजेड-सावलीचंच काम जास्त.

तुम्ही फक्त खिडकीबाहेरचं विचारलंत. पण ठाण्यात राहता म्हणजे रोजची लोकल असेलच, तेव्हा डब्याच्या आतलंही बोलते. माणूस काढायला शिकण्यासाठी लोकलसारखी शाळा नाही. मुंबईतल्या कलाविद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या व्हीटी स्टेशनात बसून हात तयार करत आल्या आहेत. त्या इमारतीचं कोरीवकामही जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे, त्यामुळे तिथं वही उघडली की मला घरी आल्यासारखं वाटतं.

लेडीज डब्यात मी सगळ्यात जास्त काय काढलं असेल तर चौथी सीट. तिघींच्या बाकावर चौथी बसते ती निम्मीच बसते. नीट बघा: तिचं अर्धं वजन बाकावर, अर्धं बाहेरच्या पायावर. तो पाय बोटांवर रेटलेला, पोटरी ताठ, टाच किंचित उचललेली. आतला पाय मात्र सैल. मांडीवरची पर्स घसरू नये म्हणून एक हात तिच्यावर, दुसरा समोरच्या सीटच्या कडेला. खांदे बाहेरच्या बाजूला झुकलेले आणि मान त्यांच्या उलट, आत. हे सगळं शरीर एकच गोष्ट सांगतं, की हक्काची नसलेली जागा टिकवून धरायची आहे. चेहरा न काढता ते सांगता येतं. विद्यार्थी आधी चेहऱ्याला भिडतात, आणि तेवढ्यात त्या बाईचं स्टेशन येतं. तुम्ही पायापासून सुरू करा. ज्या पायावर वजन आहे तो आधी, मग पाठीची रेघ, मग डोकं म्हणजे नुसता एक गोळा. पुढचं स्टेशन यायच्या आत होतं. बाई मध्येच उठल्या तर रेघ तिथंच सोडा. शेजारच्या पानावर दुसरी चौथी सीट सुरू करा, ती तर तिथं लगेच बसलेलीच असते.

लोकांना रोखून बघू नका, एवढं पथ्य पाळा. कुणाच्या लक्षात आलं आणि त्यांना अवघड वाटलं, तर वही मिटायची किंवा त्यांच्या हातात द्यायची. माझा अनुभव असा की दहातल्या आठ जणी वही बघून खूश होतात आणि मग बाजूची मैत्रीण म्हणते, आता हिला काढा.

घरी आल्यावर काय करायचं? त्याच रात्री, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, वहीतली तीन-चार रेखाटनं पुन्हा काडेपेटीएवढ्या आकारात काढा, फक्त तीन छटांत: पांढरा, करडा, काळा. ज्यात तीन छटांत काहीच उभं राहत नाही ते सोडून द्या. ज्यात राहतं त्यावर रंग. आणि आता, इथं, फोटो उघडायचा. सिग्नलचा खांब कसा असतो, पुलाचा कठडा कसा, कौलारू घराची पडवी कुठून निघते, एवढं विचारण्यापुरता. क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. आधी स्मरण, मग रेखाटन, मग लागलाच तर फोटो. फोटो अजिबात काढू नका असं मी म्हणत नाही, प्रवासात दहा काढा. पण ज्या दृश्यानं आतून हलवलं त्याचा मात्र काढू नका. ते डोळ्यांनीच घ्या.

सामान. तळहाताएवढी शिवलेली वही, स्पायरल नको, गाडीच्या हादऱ्यानं पानं फाटतात. एक ६बी पेन्सिल. एक फाउंटन पेन, ज्यातली शाई पाण्यानं विरघळते अशी. ओलं बोट फिरवलं की करडा वॉश, म्हणजे पातळ पसरलेली छटा, मिळतो. बस. रंगपेटी नेलीत तर पाणी सांडण्याच्या चिंतेत निम्मं कोकण निघून जाईल. रंग शब्दांत लिहा. मनगट मांडीला टेकवून काढा, हवेत ठेवू नका. आणि गाडीनं दिलेला हादरा रेघेत आला तर तो खोडू नका. ती रेघ घरी बसून काढताच येत नाही.

पुढच्या वेळी गावी जाताना वही पहिल्या पानावर उघडून ठेवा, पण चिपळूणपर्यंत काहीही काढू नका, नुसतं बघा. वाशिष्ठीचा पूल जाऊ दे, संगमेश्वर जाऊ दे. उक्षी सुटलं की पेन्सिल हातात घ्या आणि खिडकीबाहेर एकच काहीतरी निवडा. अंधार झाला की सुरू करा.